प्रसन्न मुद्रेचे पाच गुण

मला ग्रंथपालाची नोकरी मिळाली ती चष्म्यामुळे. मुलाखतीला आम्ही काही जणी होतो. त्यातल्या एकीचे गुण माझ्याहून बरेच जास्त होते, पण तिने लिपस्टिक लावली होती आणि ती हसून बोलत होती. तुम्हाला वाचनाची आवड आहे का, असं तिला विचारलं गेलं. तिने हो म्हटल्यावर मंडळींनी एकमेकांकडे अशी नजर टाकली की जणू चोर सापडला. मला तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. जाड भिंगं, चुरगळलेली सुती साडी आणि मागे घट्ट आवळलेले केस एवढा पुरावा त्यांना पुरला. नेमणुकीचं पत्र हातात देताना अध्यक्ष कौतुकाने म्हणाले, “तुम्ही दिसताच ग्रंथपालासारख्या.” तेव्हा चेहरा पाहून माणसाची लायकी ठरवणाऱ्यांबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे, त्यात थोडा कृतघ्नपणा आहे, हे वाचणाऱ्याने धरून चालावं.

आमचं कनिष्ठ महाविद्यालय शहापूरच्या बाजूला, हायवे सोडून थोडं आत. त्याच संस्थेचं दुसरं मुरबाडला आहे. संस्थेने कधीकाळी नियम केला की तोंडी परीक्षा आपापल्या मुलांच्या आपण घ्यायच्या नाहीत. मुरबाडच्या सरांनी आमच्याकडे यायचं, आमच्या सरांनी तिकडे जायचं. निःपक्षपातीपणा टिकावा हा त्यामागचा हेतू होता. टिकलं ते जेवण. मुरबाडचे सर येणार म्हटलं की सापगावला गावठी कोंबडी सांगून ठेवली जायची आणि तांदळाच्या भाकऱ्या शिपायाच्या घरून फडक्यात बांधून यायच्या. आमचे सर मुरबाडला गेले की तिकडे मटण असायचं, कारण तिकडच्या प्राचार्यांना आमच्या कोंबडीपुढे कमी पडायचं नसे. त्या आठवड्यात दोन्हीकडच्या शिक्षकांचं बोलणं ऐकलं असतं तर परीक्षा स्वयंपाक्यांची चालली आहे असंच कोणालाही वाटलं असतं.

परीक्षा ग्रंथालयात व्हायची, कारण सोफा तिथेच होता. तो स्थानिक समितीवरच्या एका गृहस्थांनी दिलेला होता आणि तसं त्याच्या पाठीवर पितळी पट्टीवर लिहिलेलंही होतं, त्यामुळे बसणाऱ्याच्या मानेला ते दातृत्व टोचत राही. मी माझ्या टेबलामागे बसून नव्या पुस्तकांवर शिक्के मारत असे. मला बाहेर जा असं कोणी म्हणत नसे. ग्रंथपाल बसलेला असला तरी खोली रिकामीच धरतात.

मुरबाडचे सर मराठी शिकवायचे. वय पन्नाशीचं, केस त्याहून पुष्कळ काळे. दोन्ही तालुक्यांतले सत्कार, उद्घाटनं, निरोप समारंभ यांचं सूत्रसंचालन तेच करत. साध्या चहालाही ते “चहापानाचा आस्वाद” म्हणत. एका वर्षी ते कुठल्याशा व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराला जाऊन आले आणि येताना तोंडी परीक्षेची नवी पद्धत घेऊन आले. वीस गुणांचे चार भाग: उच्चार, आशय, नजरेला नजर, आणि प्रसन्न मुद्रा. प्रत्येकाला पाच. आमच्या प्राचार्यांना ही पद्धत फार आवडली. त्यांनी ती सुवाच्य अक्षरात लिहून ग्रंथालयाच्या भिंतीवर लावली. अर्धे गुण मूल तोंड उघडण्याआधीच वाटून टाकायची सोय झाली होती, आणि हे भिंतीवर लिहिलेलं असूनही कोणाला खटकलं नाही. भिंतीवर लिहिलेलं आपल्याकडे कोणी वाचत नाही, हे मी ‘शांतता राखा’ या पाटीखाली इतकी वर्षं बसून शिकले आहे.

सर आधी पेन्सिलीने गुण मांडत आणि जेवण झाल्यावर त्यावर पेन फिरवत. मला दिसायचं ते असं, की मूल दारातून आत येऊन सोफ्यासमोर उभं राहीपर्यंत पेन्सिलीचं काम संपलेलं असायचं. मग पुढची काही मिनिटं मूल बोले आणि सर मान हलवत. इस्त्रीचा गणवेश, उजळ रंग, तेल लावून बसवलेले केस, हे सगळं आत आलं की पेन्सिल लगबगीने चाले. उन्हाने तांबूस झालेले केस, उसवलेली बाही, पुढे आलेले दात, असं काही आलं की ती एकदाच हलायची आणि थांबायची. कान फक्त शिष्टाचार म्हणून उघडे असत.

तानसाच्या बाजूच्या एका पाड्यावरची एक मुलगी त्या वर्षी अकरावीला होती. बुटकी, काळी, हाडकुळी आणि डाव्या डोळ्याने तिरळी. ती समोरच्याकडे बघत असली की समोरच्याला वाटायचं, आपल्या खांद्यामागे कोणीतरी येऊन उभं राहिलंय. पाड्यावर आलेला प्रत्येक कागद तीच सगळ्यांना वाचून दाखवायची, बँकेचा, दवाखान्याचा, पंचायतीचा. त्यामुळे तिचं वाचणं आणि बोलणं स्पष्ट, सावकाश आणि ऐकणाऱ्याची काळजी घेणारं होतं. माझ्याकडून ती पुस्तकं न्यायची आणि परत करताना प्रत्येकाबद्दल काही ना काही तक्रार करायची. एक नावाजलेली कौटुंबिक कादंबरी टेबलावर ठेवून ती मला म्हणाली होती, “मॅडम, यातली बाई नुसती रडते. मग तिच्या घरची कामं कोण करतं?” त्या कादंबरीवर मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलेलं मी वाचलं होतं. इतका रास्त प्रश्न त्यांच्यापैकी कोणी विचारला नव्हता.

तोंडीला तिच्या चिठ्ठीत ‘पाणी’ हा विषय निघाला. बाकीच्यांनी अशा विषयावर पाणी म्हणजे जीवन वगैरे म्हटलं असतं. हिने सांगितलं की मुंबईला जाणारी मोठी पाइपलाइन त्यांच्या पाड्याजवळून जाते आणि बायका पाणी भरायला खाली विहिरीवर जातात. फक्त एका ठिकाणी जोडातून थोडं पाणी झिरपतं, तिथे हंडे लावतात. मग कधीतरी माणसं येतात, गळती दुरुस्त करतात, आणि त्या दिवशी पाड्यावर सुतक पडल्यासारखं होतं. हे तिने न अडखळता, आवाज न चढवता सांगितलं. शिक्का हातात धरून मी तशीच बसले होते.

सरांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, “इकडे बघून बोल.”

“बघूनच बोलतेय सर.”

सरांनी वळून माझ्या कपाटाकडे पाहिलं. “त्या कपाटात काय आहे?”

“मला नाय माहीत सर. मी तुमच्याकडं बघतेय.”

दाराबाहेर नंबर लावून उभी असलेली पोरं खिदळली. सरांचा चेहरा उतरला. ही मुलगी आपली टर उडवतेय, अशी त्यांची खात्रीच झाली होती. नजरेला नजर, शून्य. प्रसन्न मुद्रा, एक. तो एक त्यांनी स्वतःच्या मनाच्या मोठेपणापोटी दिला असावा.

तिच्या पाठोपाठ सोफा देणाऱ्यांचा मुलगा आला. उंच, गोरा, कपाळावर एक बट अशी की तीही पाठ करून आणल्यासारखी. त्याला ‘आई’ विषय मिळाला. तिसऱ्या वाक्याला तो विसरला, थांबला, आणि हसला. ते हसू खरोखरच छान होतं, त्यात त्याचा काही दोष नाही. सर म्हणाले, “लाजतोय. घरंदाज मुलं लाजतातच.” पेन्सिल वीसच्या अगदी जवळ जाऊन थांबली.

जेवताना मी सरांना सांगितलं की ती मुलगी तिरळी आहे. त्यांनी तंगडी खाली ठेवली आणि माझ्याकडे, नजरेला नजर देऊन, पाहिलं. म्हणाले, असेलही, पण उद्या मुलाखतीत समोरचा माणूस डोळ्याचा दाखला मागत बसणार नाही, आपण या मुलांना जगासाठी तयार करतोय. जग म्हणून ते जे कोणी सांगत होते, ते त्या क्षणी आमच्याच टेबलावर बसून रस्सा ओरपत होतं, हे मी बोलले नाही. प्राचार्यांनी त्यांना आणखी एक भाकरी वाढली. जेवणानंतर पेन्सिलीवर पेन फिरलं.

त्यानंतर महिनाभरात सगळं बंद झालं, ते बराच काळ बंदच राहिलं. बारावीचे वर्ग फोनवर भरले, म्हणजे ज्यांच्याकडे फोन होता त्यांचे. तोंडी परीक्षाही फोनवर घ्यायची ठरली. चित्र दिसेल इतकं नेट आमच्या अर्ध्या मुलांच्या गावात नव्हतं, म्हणून नुसतं बोलायचं. मुरबाडच्या सरांना हे घरात बसून करता आलं असतं. तरी ते पोलिसांना ओळखपत्र दाखवत, किन्हवली-सरळगावच्या रस्त्याने शहापूरला आले आणि सोफ्यावर बसून त्यांनी मुलांना फोन लावले. रोगाची साथ होती, पण कोंबडीची परंपरा जुनी होती.

मास्क हनुवटीला, फोन स्पीकरवर, पुढ्यात फक्त क्रमांकांची यादी. घोटाळे नकोत म्हणून प्राचार्यांनी नावंही काढून टाकली होती. सरांची त्या दिवशीची अवस्था पाहण्यासारखी झाली होती. पेन्सिल उचलायची, समोर बघायचं, आणि समोर नुसतं रिकामं दार. कुठून सुरुवात करावी ते त्यांना कळेना. शेवटी नाइलाजाने ते ऐकायला लागले.

दुपारकडे एक फोन लागला आणि पलीकडून वाऱ्याच्या आवाजात नमस्कार आला. मी आवाज लगेच ओळखला. पाड्यावर रेंज नसते, ती पाइपलाइनवर चढून बोलत होती, हे मला नंतर कळलं. सरांनी विषय दिला, ‘शेजारी’. तिने वीटभट्टीवर गेलेल्या घरांबद्दल सांगितलं. दिवाळी झाली की पाड्यावरची बरीच कुटुंबं भट्टीवर जातात, आणि मग मागे राहिलेली माणसं बंद घरांसमोरचं अंगणही झाडून ठेवतात, कारण अंगण झाडलेलं असलं की घर रिकामं वाटत नाही. सरांनी डोळे मिटले. ती बोलायची थांबल्यावरही ते थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग म्हणाले, “वा.” माणूस इतक्या वर्षांत पहिल्यांदा मराठी ऐकत होता, त्याला वेळ लागणारच.

त्यांनी वीसपैकी एकोणीस दिले. एक गुण परंपरेने राखून ठेवतात. नजर आणि मुद्रा या दोन रकान्यांत काय लिहावं हा प्रश्न होता, तो त्यांनी असा सोडवला की ज्याचा उच्चार चांगला त्याची मुद्राही प्रसन्नच असणार. आवाजावरून त्यांनी तिचं सगळं घरदार उभं केलं. वडील शिक्षक असणार, घरात पुस्तकं असणार, मुलगी उंच आणि बांधेसूद असणार. सूत्रसंचालनासाठी ही आपल्याला हवी, असं ते मला म्हणाले. मी म्हटलं, बोलावून बघा.

काही वेळाने सोफा देणाऱ्यांच्या मुलाचा क्रमांक आला. त्याला ‘मित्र’ विषय मिळाला. तिसऱ्या वाक्याला तो थांबला, आणि बहुतेक हसलाही असावा, पण ते हसू मुरबाडच्या सरांपर्यंत पोचायला फोनमध्ये काही सोय नव्हती. सरांनी वाट पाहिली. मग यादीकडे बघत म्हणाले, “याची काही तयारी दिसत नाही.” सात.

एरवी एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण बारावीची लेखी परीक्षा रद्द झाली आणि निकाल मागच्या आणि अंतर्गत गुणांवर लावायचं ठरलं. कधी कोणी ढुंकून न बघितलेल्या त्या गुणांना अचानक सोन्याचा भाव आला. त्या मुलीला ठाण्याच्या बाजूला एका नर्सिंगच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे बारावीचे गुण बघून घेत होते आणि राहायची सोय होती. अकरावीच्या गुणांनी ती आधीच मागे पडली होती. आता बारावीचे हे गुण धरले तर जागा मिळणार होती. नाही धरले तर दिवाळीनंतर तीही आईबापांबरोबर भट्टीवर जाणार होती. हे तिने मला फोनवर कोणत्याही सुराविना सांगितलं, जसं ती पाड्यावर बँकेचा कागद वाचून दाखवत असेल तसं.

गुण प्राचार्यांच्या टेबलावरच होते, तेवढ्यात सोफा देणाऱ्यांचा फोन आला. आपल्या मुलाला सात आणि तानसाच्या पाड्यावरच्या मुलीला एकोणीस, हे कसं, अशी त्यांची पृच्छा होती. प्राचार्यांनी दोन्ही वर्षांचे गुण शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मुलगा खाली घसरला होता, मुलगी वर गेली होती. एखादा बरा माणूस यावरून म्हणाला असता की मागच्या वर्षी आपलं काहीतरी चुकलं. आमच्या प्राचार्यांनी यावरून असं काढलं की यंदा फोनवर दुसरंच कोणीतरी बोललं. तोतया. त्यांनी हा शब्द मोठ्या समाधानाने वापरला. मुलाच्या सात गुणांबद्दल त्यांचं म्हणणं, रेंज खराब असणार.

मुलीला पडताळणीसाठी बोलावणं गेलं. मुरबाडहून सरही आले, आणि अर्थातच कोंबडीही सांगितली गेली. मुलगी आपल्या मावशीबरोबर आली, आटगावपर्यंत पायी आणि पुढे कोणाच्या तरी टेम्पोत. दोघींनी मास्क म्हणून ओढण्या गुंडाळल्या होत्या. प्राचार्यांच्या खोलीत प्राचार्य, मुरबाडचे सर आणि यादी घेऊन मी. मुलीला ओढणी काढायला सांगितलं. तिने काढली.

सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिची नजर कुठे जाते ते पाहिलं, आणि त्यांना अकरावी आठवली. प्राचार्यांकडे वळून ते खात्रीने म्हणाले, “नाही. ही ती नाही.”

ती काही बोललीच नव्हती. फोनवर ऐकलेली मुलगी ही नव्हे, हे त्यांनी डोळ्यांनी ओळखलं होतं. माणसाच्या इंद्रियांबद्दल मी थोडंफार वाचलं आहे, पण ही शक्ती त्यात कुठे नोंदलेली नव्हती.

प्राचार्यांनी मुलीला सांगितलं की खरं काय ते कबूल केलं तर नावावर डाग लागणार नाही, फक्त मागच्या वर्षीचेच गुण यंदाही धरले जातील. मावशी दाराशी उभी होती. ती म्हणाली, “सायेब, तिचा डोला वाकडा हाय. जीभ नाय.” प्राचार्य तिला म्हणाले की बाई, तुम्ही बाहेर थांबा. ती बाहेर गेली नाही. हललीही नाही.

मी म्हटलं, फोनवरचा आवाज सरांनी ऐकलाय, तर फोनवरच ऐकू द्या. मुलीला मी ग्रंथालयात नेते, तुम्ही इथून फोन लावा. प्राचार्यांना यात काही हरकत घेण्यासारखं सापडेना. सापडलं असतं तर त्यांनी घेतलीच असती. मी तिला ग्रंथालयात नेलं आणि माझा फोन तिच्या हातात दिला. बसायला सोफा दाखवला, तर म्हणाली, उभंच बरं, पाइपवर उभीच होती. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे मला तरी तसं वाटलं. सरांनी नवा विषय दिला, ‘रस्ता’. मी दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी होते. एका कानाने तिचा आवाज खोलीतून ऐकत होते आणि दुसऱ्या कानाने तोच आवाज प्राचार्यांच्या टेबलावरच्या फोनमधून. मधे भिंत होती, आणि त्या भिंतीने सरांमधला माणूस बदलून टाकला. ते पुढे झुकले. त्यांनी डोळे मिटले. तिने काय सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, कारण मी तिच्याऐवजी सरांकडेच बघत होते. ती थांबली आणि ते म्हणाले, “हाच. हाच तो आवाज.” त्यांना खरा आनंद झाला होता. हरवलेली वस्तू सापडल्यावर होतो तसा.

मग त्याच दारातून ती आत आली, आणि तो आनंद कुठे ठेवावा ते त्यांना कळेना.

प्राचार्यांनी फोन बंद करून टेबलाच्या कडेला नीट समांतर लावून ठेवला. लाज वाटली असती तर ती दिसायला एवढा वेळ पुरेसा होता. मग त्यांनी तोडगा काढला. मागच्या वर्षी समोर उभी असताना मिळालेले गुण खरे, यंदा फोनवर मिळालेले गुणही खरे, तर दोन्हींची सरासरी घेऊ. कोणावरच अन्याय नको. सर लगेच म्हणाले, योग्य, अगदी संतुलित. अर्धी मुलगी आवाजाची, अर्धी चेहऱ्याची, असा तो हिशेब होता, आणि दोन पदव्युत्तर माणसं त्यावर सुटकेचा श्वास टाकत होती. त्या सरासरीने नर्सिंगची जागा जात होती. ते खोलीत फक्त तिला, तिच्या मावशीला आणि मला माहीत होतं.

मुलगी टेबलासमोर उभी होती. तिने विचारलं, “सर, मग मला तसं लेखी देणार का?”

प्राचार्य म्हणाले, काय लेखी?

“हेच. की फोनवर हिचा आवाज बरोबर आला, पण तोंड बघितल्यावर गुण कमी केले. मला पाड्यावर वाचून दाखवायला लागेल. सगळे कागद मीच वाचते.”

ती उद्धटपणे बोलली नाही. तिने खरोखर कागदच मागितला होता. पण आमच्याकडे अन्यायाला कोणी भीत नाही, लेखी अन्यायाला भितात. प्राचार्यांच्या डोळ्यांसमोरून तो कागद पाड्यावरून पंचायतीत, पंचायतीतून कोणा पत्रकाराकडे आणि तिथून संस्थेच्या कार्यालयात जाऊन आला असावा, कारण त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. सर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले. नजरेला नजर द्यायला त्या खोलीत एकच जण तयार होती आणि तिची नजर कुठे आहे ते कळत नव्हतं.

शेवटी प्राचार्य म्हणाले, एवढ्यातेवढ्यासाठी कशाला कागद, राहू दे फोनवरचेच गुण. सर म्हणाले, मीही तेच सुचवणार होतो. मुलगी थँक्यू म्हणाली नाही. मावशीने मात्र दोघांनाही हात जोडले, आणि मला तेवढंच त्या दिवशीचं सहन झालं नाही.

त्यानंतर जेवण झालं. मी गेले नाही, तर शिपाई विचारायला आला की मॅडम उपास आहे का. मी हो म्हटलं.

सोफा देणाऱ्यांच्या मुलाचे सात गुण रेंजच्या सबबीवर चौदा झाले. तो काही दिवसांनी पुस्तकं जमा करायला आला तेव्हा स्वतःच म्हणाला, “मॅडम, मला दोन्ही वेळेला काहीच येत नव्हतं.” हे त्याने हसत सांगितलं नाही. मला तो मुलगा तेव्हा पहिल्यांदा बरा वाटला. त्याच्या चेहऱ्याने त्याचंही थोडं नुकसान केलं होतं. कोणी त्याच्याकडून काही मागितलंच नव्हतं.

मुलीला नर्सिंगची जागा मिळाली. आमच्या कॉलेजात भाषेत ती पहिली आली. दर वर्षीप्रमाणे गुणवंतांचा फ्लेक्स नाक्यावर लागला. वर अध्यक्षांचा मोठा फोटो, बाजूला प्राचार्यांचा, खाली मुलांचे गोल फोटो. सोफा देणाऱ्यांचा मुलगा कोणत्याच विषयात पहिला नव्हता, तरी ‘उज्ज्वल यशाची परंपरा’ या ओळीखाली त्याचा फोटो होता, आणि फ्लेक्सवर तो खरोखरच शोभत होता. भाषेत प्रथम, तिथे मुलीचं नाव होतं आणि फोटोच्या जागी पदवीदानाची काळी टोपी काढलेली होती. तिचा फोटो कार्यालयात होता. मी स्वतः तो काढून दिला होता. विचारलं तर कार्यालयातले म्हणाले, प्रिंट नीट येत नव्हती.

वसतिगृहाला जायच्या आधी ती ग्रंथालयाचा ना-देय दाखला घ्यायला आली. मी तिला फ्लेक्सबद्दल काही बोलणार नव्हते. तिनेच विषय काढला. नाक्यावर टेम्पोतून उतरताना बघितला म्हणाली.

“वाईट वाटलं?” मी विचारलं.

“नाय मॅडम, बरं झालं. फोटो लावला असता तर सरांनी गुण परत मोजले असते.”

मी दाखल्यावर सही केली. पुढच्या वर्षी आमच्याकडे नेट आलं आणि मुरबाडच्या सरांनी सुचवलं की फोनवरची तोंडी परीक्षा यापुढे व्हिडिओ कॉलवरच घ्यावी, पारदर्शकतेसाठी. प्राचार्यांनी ते लगेच मंजूर केलं. भिंतीवरचा कागद उन्हाने फिका पडला होता, तो शिपायाकडून नव्याने लिहून घेतला. प्रसन्न मुद्रा अजून पाचच गुणांची आहे. मंजुरीच्या दिवशीही कोंबडी सापगावचीच होती.